रिकव्हरी नेमकी कोणाची?

कृष्णाकाठच्या ऊसपट्ट्यात काही इंग्रजी शब्द इतके रुळले आहेत की, त्यांच्या परकेपणाची आठवणही कोणाला राहिलेली नाही. 'रिकव्हरी' हा त्यातील सर्वांत वजनदार शब्द. कराड, वाळवा, पलूस किंवा कोरेगाव तालुक्यात हंगामाच्या दिवसांत दोन शेतकरी भेटले की 'यंदा रिकव्हरी किती?' हा प्रश्न ठरलेला असतो. तेथे तो साखरेविषयी असतो. हाच शब्द मार्चअखेरीस जिल्हा बँकेच्या शाखेत ऐकू येतो, तेव्हा त्याचा अर्थ थकीत कर्जाची वसुली असा होतो. रुग्णालयाच्या दारात तोच शब्द आजारातून बरे होण्यासाठी वापरला जातो. शब्द एकच, पण पहिल्या अर्थाने शेतकऱ्याचे उत्पन्न ठरते, दुसऱ्या अर्थाने त्यातून रक्कम वजा होते आणि तिसऱ्या अर्थाची तो वाट पाहत राहतो.

हा केवळ भाषेचा खेळ नाही. केंद्र सरकारने २०२५-२६ च्या हंगामासाठी उसाचा रास्त आणि किफायतशीर दर, म्हणजेच एफआरपी, क्विंटलला ३५५ रुपये जाहीर केला तो १०.२५ टक्के रिकव्हरी गृहीत धरून. त्यावरील प्रत्येक ०.१ टक्क्यासाठी ३ रुपये ४६ पैसे वाढीव द्यावयाचे आहेत. म्हणजे रिकव्हरीच्या आकड्यात दशांश चिन्हानंतरचा एक अंक बदलला, तरी शेतकऱ्याच्या पदरात पडणाऱ्या रकमेत टनामागे ३४ रुपये ६० पैशांचा फरक पडतो. शंभर टन ऊस घालणाऱ्यासाठी ही रक्कम ३ हजार ४६० रुपये होते आणि दहा लाख टन गाळप करणाऱ्या कारखान्यासाठी ती ३ कोटी ४६ लाखांवर जाते. ज्या शब्दावर एवढी उलाढाल अवलंबून आहे, त्याचा अर्थ कोण ठरवतो आणि त्याचे मोजमाप कोण करतो, हा प्रश्न म्हणूनच महत्त्वाचा ठरतो.

या शब्दाचे मूळ लॅटिनमधील 'रेकुपेरारे' या क्रियापदात आहे. अर्थ सरळ आहे: हातचे गेलेले परत मिळवणे. तेथून तो जुन्या फ्रेंचमध्ये आला आणि नॉर्मन राजवटीबरोबर इंग्लंडच्या न्यायालयांत पोहोचला. 'रिकव्हर'मध्ये 'कव्हर' दिसत असले, तरी झाकणे या अर्थाच्या 'कव्हर'शी त्याचे नाते नाही. ते केवळ उच्चाराचे साम्य आहे. कायद्याच्या भाषेत दावा जिंकून आपली मालमत्ता किंवा येणे परत मिळवणे म्हणजे रिकव्हरी. आजारातून उठणे हा अर्थही त्याच मुळातून आला, कारण तेथे गेलेली प्रकृती परत मिळते. इंग्लंडमध्ये 'कॉमन रिकव्हरी' नावाचा एक विलक्षण दावाही होता. वंशपरंपरेने बांधून ठेवलेली जमीन मोकळी करून घेण्यासाठी दोन्ही पक्ष संगनमताने हा लुटुपुटीचा दावा चालवत आणि न्यायालय त्यावर निकाल देत असे. कागदावर रिकव्हरी होई, प्रत्यक्षात वारसांचा हक्क बुडे. ही पद्धत अखेर १८३३ मध्ये कायद्याने बंद करण्यात आली.

खनिजातून धातू किती निघाला हे सांगण्यासाठी उद्योगांनी हाच शब्द उचलला आणि साखर उद्योगातही तो त्याच अर्थाने वावरू लागला. येथे मात्र मूळ अर्थाला एक बारीक वळण मिळाले. कारखान्याच्या दृष्टीने उसातली साखर 'परत मिळवायची' असते. वस्तुतः ती कारखान्याची कधी गेलेलीच नसते. ती शेतकऱ्याच्या रानात, त्याच्या पाण्यावर तयार झालेली असते.

मराठीने या दोन अर्थांसाठी दोन वेगळे शब्द ठेवले होते. साखरेसाठी 'उतारा' आणि कर्जासाठी 'वसुली'. 'उतारा' हा अस्सल देशी शब्द. जमिनीतून पिकाचा उतारा पडतो, विषावर उतारा दिला जातो, दृष्ट काढून उतारा टाकला जातो आणि तलाठ्याकडून सातबाराचा उतारा घेतला जातो. 'वसूल' हा अरबी मुळाचा शब्द फारसीमार्गे दरबारी मराठीत आला. त्याच्या मुळाशी पोहोचणे, हाती येणे ही कल्पना आहे. उतारा पिकातून निघतो, वसुली माणसाकडून होते. दोहोंना 'रिकव्हरी' म्हटले की, कोणाकडून काय घेतले जात आहे, हा भेद पुसट होतो. योगायोग असा की, मराठीतील हे दोन्ही शब्द अखेर एकाच कागदावर भेटतात. साखरेचा उतारा घसरला की सोसायटीची बाकी थकते आणि त्या कर्जाचा बोजा सातबाराच्या उताऱ्यावर कायम राहतो.

साखर उतारा म्हणजे शंभर किलो उसातून किती किलो साखर पोत्यात पडली, याचे प्रमाण. उतारा १२ टक्के असेल, तर एका टनातून १२० किलो साखर मिळते. उसात प्रत्यक्षात असलेली साखर याहून अधिक असते. तिचा काही भाग चिपाडात राहतो, काही गाळाबरोबर जातो, तर सर्वांत मोठा वाटा मळीत अडकतो. म्हणजे उतारा केवळ उसाची प्रत सांगत नाही. कारखान्याची यंत्रसामग्री, कामगारांचे कौशल्य आणि व्यवस्थापनाची शिस्तही त्यातून दिसते. तोडलेला ऊस गव्हाणीत पडायला उशीर झाला, तर उन्हात त्यातली साखर घटते. तोडणीची टोळी वेळेवर आली नाही, वाहनांची रांग दोन दिवस हलली नाही, मध्येच गाळप बंद पडले, यातील प्रत्येक गोष्ट उताऱ्यात उतरते. या चुका शेतकऱ्याच्या नसल्या, तरी घटलेल्या उताऱ्याचा भाव त्यालाच मिळतो.

सातारा, सांगली आणि शेजारच्या कोल्हापूर जिल्ह्याचा उतारा राज्यात सरस मानला जातो. कृष्णा, कोयना, वारणेच्या खोऱ्यातील जमीन, पाणी आणि हिवाळ्यातील थंड रात्री यांचा त्यात मोठा वाटा आहे. त्याला संशोधनाचीही जोड आहे. फलटण तालुक्यातील पाडेगावचे ऊस संशोधन केंद्र १९३२ पासून कार्यरत आहे. को ८६०३२ म्हणजे 'नीरा' या वाणाने उत्पादन आणि साखर यांचा मेळ घातला. पुढे आलेल्या 'फुले २६५' या वाणाने टनेज भरघोस दिले. पण हंगामाच्या सुरुवातीला त्याचा उतारा कमी पडतो, अशी तक्रार करीत अनेक कारखान्यांनी त्याच्या नोंदी घेण्यास हात आखडता घेतला.

या तक्रारीच्या मुळाशी दर देण्याच्या पद्धतीतील एक विसंगती आहे. महाराष्ट्रात एफआरपी ठरते ती कारखान्याच्या सरासरी उताऱ्यावर. प्रत्येक शेतकऱ्याच्या उसातील साखर स्वतंत्रपणे मोजून त्याला दर दिला जात नाही. आडसाली उसाची निगुतीने मशागत करून साखर वाढवणारा आणि केवळ वजनाकडे पाहणारा, या दोघांनाही टनाला एकच भाव मिळतो. अशा स्थितीत शेतकरी टनेजच्या मागे गेला, तर त्याला दोष देता येत नाही. कारखान्याला उतारा हवा, शेतकऱ्याला वजन हवे आणि दर मात्र दोघांच्या सरासरीवर, असा हा व्यवहार आहे.

आता आकड्यांकडे पाहू. २००९ मध्ये ऊस नियंत्रण आदेशात दुरुस्ती होऊन किमान वैधानिक किमतीऐवजी एफआरपी आली, तेव्हा २००९-१० साठी क्विंटलला १२९ रुपये ८४ पैसे हा दर ९.५ टक्के मूळ उताऱ्यावर आधारलेला होता. २०१८-१९ मध्ये हा मूळ उतारा १० टक्के करण्यात आला आणि २०२२-२३ पासून १०.२५ टक्के. या बदलाचा परिणाम मथळ्यांत कधीच दिसला नाही. २०१७-१८ मध्ये दर २५५ रुपये होता, पुढील हंगामात तो २७५ झाला. म्हणजे वाढ २० रुपयांची. परंतु १२ टक्के उताऱ्याच्या कारखान्यासाठी हिशेब मांडला, तर पहिल्या वर्षी ३२२ रुपये आणि दुसऱ्या वर्षी ३३० रुपये येतात. प्रत्यक्ष वाढ अवघी आठ रुपयांची. २०२२-२३ मध्येही तेच झाले. दर २९० वरून ३०५ वर गेला. १२ टक्क्यांच्या उताऱ्याला मात्र १५ ऐवजी सुमारे १० रुपये ४० पैसेच वाढून मिळाले. ज्या टापूत उतारा चांगला, तेथेही जाहीर वाढ आणि खरी वाढ यांत अशी दरी राहते. साडेनऊ टक्क्यांखालील उताऱ्यासाठी किमान दराचे संरक्षण ठेवण्यात आले असून २०२५-२६ साठी तो ३२९ रुपये ५ पैसे आहे, ही त्यातली जमेची बाजू. शिवाय हाती येणारी रक्कम ही नव्हे. तोडणी आणि वाहतुकीचा खर्च एफआरपीतूनच वजा होतो.

एवढा निर्णायक आकडा मोजला जातो तो खरेदीदाराच्याच प्रयोगशाळेत. गूळ-बाजारात किंवा हळदीच्या पेठेत विकणारा आणि घेणारा समोरासमोर उभे राहून मालाची प्रत ठरवतात. उसाच्या बाबतीत माल गव्हाणीत गेला की विकणाऱ्याचा त्याच्याशी संबंध संपतो. वजनकाट्याविषयी निदान ओरड करता येते; काटामारी हा शब्द त्यातूनच आला. उताऱ्याची चोरी झाली तर ती दाखवायची कशी? सर्वच कारखाने आकडा दाबतात, असे म्हणणे अन्यायाचे होईल. पारदर्शक कारभारासाठी नावाजलेले कारखानेही याच पट्ट्यात आहेत. पण विश्वास हा व्यक्तीच्या सचोटीवर नव्हे, तर तपासणीच्या सोयीवर उभा राहिला पाहिजे.

इथेनॉलने या मोजमापात आणखी गुंतागुंत आणली. २०१८ च्या राष्ट्रीय जैवइंधन धोरणानंतर बी-हेवी मळी आणि थेट उसाच्या रसापासून इथेनॉल करण्याचा मार्ग खुला झाला. साखरेचा काही अंश मळीतच ठेवला, तर पोत्यातली साखर कमी भरते आणि कागदावरचा उतारा घसरतो. ही घट हिशेबात मिळवून शेतकऱ्याला दर देण्याची पद्धत ठरवण्यात आली आहे. म्हणजे आता उतारा निव्वळ मोजला जात नाही, तर गणिताने काढलाही जातो. डिसेंबर २०२३ मध्ये केंद्राने रसापासून इथेनॉल करण्यावर निर्बंध घातले आणि ऑगस्ट २०२४ मध्ये ते उठवले. धोरण असे मागे-पुढे होत असताना आपल्या उसातील साखर कोणत्या वाटेने गेली, हे सामान्य सभासदाला कळणे आणखी अवघड झाले.

उताऱ्याइतकाच काळाचा प्रश्नही महत्त्वाचा आहे. ऊस नियंत्रण आदेश, १९६६ नुसार ऊस पोहोचल्यापासून १४ दिवसांत पैसे देणे बंधनकारक आहे. विलंब झाल्यास वार्षिक १५ टक्के व्याज द्यावे लागते. राज्य सरकारने फेब्रुवारी २०२२ मध्ये आदेश काढून पहिला हप्ता मूळ उताऱ्याच्या आधारे आणि उर्वरित रक्कम हंगाम संपल्यावर अंतिम उतारा ठरल्यानंतर, अशी वाट करून दिली. वरकरणी हा तांत्रिक फेरफार. पण २०२४-२५ चा ३४० रुपयांचा मूळ दर आणि ३ रुपये ३२ पैशांची वाढ घेतली, तर १२ टक्के उताऱ्याच्या शेतकऱ्याचे टनाला ५८१ रुपये अशा पद्धतीत पुढे ढकलले जाऊ शकतात. मार्च २०२५ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने हा आदेश रद्दबातल ठरवला, तो एका अर्थाने 'रिकव्हरी' या शब्दाच्या व्याख्येवरचाच निकाल होता. मागील हंगामाचा ज्ञात उतारा धरायचा की चालू हंगामाचा, अजून ठरायचा असलेला, हा त्यातला कळीचा मुद्दा.

कारखान्याला मिळणारी अशी सवलत शेतकऱ्याला मिळत नाही. विकास सेवा सोसायटीचे पीककर्ज उसाच्या बिलातूनच कापले जाते. महाराष्ट्र सहकारी संस्था अधिनियम, १९६० च्या कलम १०१ खाली वसुली दाखला मिळतो आणि कलम १५६ खाली वसुली अधिकारी दारात येऊ शकतो. बँकांचे वर्ष मार्चला संपते. कारखान्याचा अंतिम उताराही साधारण त्याच सुमारास, पट्टा पडताना, ठरतो. त्यामुळे एकाच महिन्यात एक रिकव्हरी शेतकऱ्याला द्यायची रक्कम ठरवते आणि दुसरी त्याच्याकडून घ्यायची. घेणाऱ्याची तारीख पक्की असते. देणाऱ्याची मात्र सोयीने सरकते.

कायद्याने शेतकऱ्याच्या हाती वसुलीचे एक हत्यार दिले आहे, हेही खरे. एफआरपी थकवणाऱ्या कारखान्याविरुद्ध साखर आयुक्त महसुली वसुली प्रमाणपत्र, म्हणजे बोलीभाषेतील 'आरआरसी', काढू शकतात. मग जिल्हाधिकारी जमीन महसुलाच्या थकबाकीप्रमाणे कारखान्याची साखर आणि मालमत्ता जप्त करून पैसे उभे करू शकतात. येथे 'रिकव्हरी' आपल्या मूळ अर्थाशी इमान राखते, कारण शेतकरी स्वतःचेच परत मागत असतो. मात्र गोदामातील साखर आधीच बँकेकडे तारण असते आणि शेतकऱ्याची पाळी बँकेच्या मागे लागते. बँकेची वसुली किती दूरवर जाते, हे साताऱ्याने पाहिले आहे. कोरेगाव तालुक्यातील जरंडेश्वर सहकारी साखर कारखाना थकीत कर्जापोटी राज्य सहकारी बँकेने २०१० मध्ये लिलावात विकला. तो व्यवहार पुढे वादात सापडला आणि जुलै २०२१ मध्ये सक्तवसुली संचालनालयाने त्या मालमत्तेवर जप्ती आणली. सभासदांनी भाग भांडवल घालून उभी केलेली संस्था वसुलीच्या एका फेऱ्यात त्यांच्या हातातून गेली. ती 'रिकव्हर' कशी करायची, याचे उत्तर कोणत्याही दाखल्यात नाही.

तिसरा अर्थ बरे होण्याचा. कोरोनाच्या २०२०-२१ च्या काळात 'रिकव्हरी रेट' हे शब्द घराघरात पोहोचले. पण कृष्णाकाठाला त्याआधी आणि नंतरही दुसऱ्या एका आजारपणातून उठावे लागले. ऑगस्ट २०१९ आणि जुलै २०२१ च्या महापुरांत नदीकाठचा ऊस दिवसेंदिवस पाण्याखाली राहिला. शेंड्यात पाणी गेलेला ऊस कुजतो, उभा राहिलाच तर त्यातली साखर घटते. त्या वर्षी उतारा घटला, बिल घटले. कर्जाचा आकडा मात्र जागच्या जागी राहिला. साखरेची रिकव्हरी ढासळलेली असताना बँकेची रिकव्हरी सुरू राहणे आणि माणसाची रिकव्हरी लांबणे, हे तिन्ही अर्थ तेव्हा एकाच घरात एकत्र नांदत होते. ऊसदराच्या प्रश्नाला रक्ताचा इतिहासही आहे. नोव्हेंबर २०१२ मध्ये सांगली जिल्ह्यातील वसगडे येथे दराच्या आंदोलनात पोलिसांच्या गोळीबारात एका शेतकऱ्याचा बळी गेला. दशांश चिन्हानंतरच्या आकड्यांवर चालणारी ही चर्चा किती जिवावरची असते, याचे ते स्मरण आहे.

यावर उतारा कोणता, याचा एक धागा याच भूमीच्या इतिहासात सापडतो. पुणे आणि अहमदनगर जिल्ह्यांत १८७५ मध्ये सावकारांविरुद्ध दंगे झाल्यानंतर १८७९ मध्ये दख्खन शेतकरी साहाय्य कायदा आला. तो पुणे, सातारा, सोलापूर आणि अहमदनगर या जिल्ह्यांना लागू झाला; आजच्या सांगली जिल्ह्याचा मोठा भाग तेव्हा सातारा जिल्ह्यातच होता. दक्षिण सातारा हा वेगळा जिल्हा १९४९ मध्ये झाला आणि १९६० मध्ये त्याला सांगली हे नाव मिळाले. या कायद्याचे मर्म असे होते की, सावकाराने कागद पुढे केला म्हणून न्यायालयाने डोळे झाकून हुकूमनामा द्यायचा नाही. त्या कागदामागचा व्यवहार मुळापासून तपासायचा. परकीय सरकारलाही वसुलीपूर्वी हिशेब तपासण्याची गरज पटली होती.

तेच तत्त्व आज उताऱ्याला लावता येईल. गव्हाणीजवळ उसाचे नमुने घेऊन त्यांची तपासणी कारखान्याबाहेरील यंत्रणेने करावी, दैनंदिन आकडे सभासदांना खुले असावेत, इथेनॉलकडे वळवलेल्या साखरेचा हिशेब साध्या मराठीत मांडावा आणि वैयक्तिक प्रतवारीनुसार दर देण्याचे प्रयोग व्हावेत. यातील कोणतीही गोष्ट तंत्रज्ञानाला अशक्य नाही. साखरेची बिले जेवढी लांबतील तेवढीच मुदत त्या बिलांवर अवलंबून असलेल्या कर्जालाही मिळावी, ही अपेक्षाही अवाजवी म्हणता येणार नाही.

रिकव्हरी म्हणजे आपले होते ते परत मिळवणे. उसातली साखर आधी कोणाची होती, याचे उत्तर ज्या दिवशी दराच्या हिशेबात स्पष्ट उमटेल, त्या दिवशी हा शब्द कृष्णाकाठी त्याच्या खऱ्या अर्थाने रुजला, असे म्हणता येईल. तोवर बँकेच्या फलकावरील रिकव्हरी शंभर टक्के दिसेल, कारखान्याच्या फलकावरील बारा टक्के. आणि शेतकऱ्याची रिकव्हरी मोजणारा फलक कोठेच नसेल.